माथ्यावर रंगाचे तीन हात

पौष वद्य ११, शके १८६०

ही वही गाडीची आहे. गाडी घेतल्या दिवसापासून किती मैल गेली, तेल कधी बदलले, कोणता टायर कुठे फुटला, एवढेच तिच्यात आहे. शेवटची नोंद आश्विन वद्य द्वितीयेची: सेलू ते मानवत, येऊन-जाऊन चोवीस मैल, रस्ता कोरडा. पुढची पाने कोरी. मधल्या काळात गाडी उभीच होती असे नाही, पण लिहिले नाही. आश्विन वद्य पंचमीला माझी पत्नी शांतम्मा तापाने लिंगैक्य झाली.

आता गाडीचे काम काढायचे आहे, म्हणून वही काढली.

काम निघण्याचे कारण असे. माझी थोरली बहीण गंगम्मा अक्का तेव्हापासून परळीचे घर सोडून इथे सेलूला माझ्याकडे आहे. आज जेवताना ती म्हणाली, "मन्मथ, मी काय जन्मभर तुजी भाकर थापायला ऱ्हाऊ का? सोनपेठचे चन्नप्पा हायत. पिठाची गिरणी हाय त्यांची, इंजिनावरची. लेक दोन वर्सांखाली विधवा होऊन माघारी आली. सव्वीस वर्सांची. लेकरूबाळ न्हाई. तुलाबी न्हाई. शिवरात्र झाली की जाऊन बघून यायचं."

मी भाकरी मोडत होतो.

"न्हाई म्हनला न्हाईस, म्हंजी झालं," अक्का म्हणाली.

मग तिने चन्नप्पांची एक खोड सांगितली. ते माणूस बघत नाहीत, त्याचे यंत्र बघतात. मागे बार्शीकडचा एक जण स्थळ म्हणून आला होता, कोरी टोपी, रेशमी उपरणे. चन्नप्पांनी त्याच्या मोटारीचे बॉनेट उघडले. आत तेलाचा चिखल. चहा पाजून त्याला लावून दिले. "म्हनले, ज्याला यंत्र निर्मळ ठेवता येत न्हाई तो बायकू काय ठेवणार."

गाडी बाहेरून ठीक आहे. आतून मी तीन महिन्यांत पाहिलेली नाही.

पौष वद्य १३

आज बॉनेट उघडले. आश्विनापासून रेडिएटरमध्ये पाणी घातले ते वरूनच, झाकण काढून. आत हात घातला नव्हता. तेलसुद्धा पाहिले नव्हते, ही चूकच.

फोर्ड गाडी आहे, सन तीसची. एका इंजिनिअर साहेबाची बदली झाली तेव्हा त्याच्याकडून घेतली. इंजिनाचा मूळ रंग हिरवा, पण तो आता दोन-चार ठिकाणीच दिसतो. माझा धंदा कापसाच्या आडतीचा. हंगामात जिनिंगच्या आवारात गाडी उभी राहते आणि उडणारी रुई आत जाऊन तेलात बसते. बाजूंना तिचा बोटभर जाडीचा नमदा झाला आहे. पंखा गंजला आहे. नळ्यांवर माती.

इंजिनाच्या माथ्यावर मात्र माती नाही. तिथे भस्माच्या तीन रेघा आहेत, शांतम्माने लावलेल्या.

गाडी घरी आणली त्या दिवशी सगळ्यांनी काचेला हळदकुंकू लावा म्हटले. तिने विचारले, "जीव कुठं असतो हिचा?" मी बॉनेट उघडून दाखवले. तेव्हापासून रोज सकाळी मी निघण्याआधी ती भस्म भिजवून तीन बोटांनी तिथे लावत असे. रोज आदल्या दिवसाच्या रेघांवरच. साडेसहा वर्षे. त्यामुळे तिथे एक थर बसला आहे, चुन्यासारखा. मला ते पसंत नव्हते. यंत्रात राख जाते असे मी दोन-तीनदा म्हटलेही होते.

माघ शुद्ध १

दस्तगीर मिस्त्रींना बोलावले. हंगामात ते जिनिंगचे चरक दुरुस्त करतात, माझी गाडीही तेच पाहतात. त्यांनी आत डोकावून जीभ चावली.

"इसमें तो गादी भर को निकलेगी, अप्पा."

मी म्हटले, नुसते साफ करून भागणार नाही, रंग द्यायचा आहे. इंजिनाला हिरवा, पंख्याला आणि बॅटरीच्या चौकटीला काळा, पाण्याच्या नळ्यांना रुपेरी.

"अंदर? अंदर कौन देखता?"

"सोनपेठचे एक जण पाहतात."

सगळ्या गावाला ठाऊक आहे तसे त्यांनाही ठाऊक असावे. हसून म्हणाले, "बोलो ना फिर. इंजन कू दुल्हा बनाना है."

रंगाचे डबे जालन्याहून मागवले. मिस्त्रींनी सांगितले की धुराच्या नळाला रंग देऊ नये, तो तापून लाल होतो आणि रंग जळून वास सुटतो. बाकी सगळ्याला चालेल, पण खालचे लोखंड कोरडे आणि स्वच्छ हवे. बोट फिरवले तर बोटाला काही लागता कामा नये.

माघ शुद्ध ४

दोन दिवस धुण्यात गेले. कढत पाण्यात धुण्याचा सोडा, मग घासलेट, मग तारेचा ब्रश. रुईचा नमदा टोपलीभर निघाला. अक्काने तो चुलीत घातला, एकदम भडकला. तिची भुवई थोडी जळली. "लगीन माजं हाय का तुज्या गाडीचं?" म्हणून ओरडली.

पंखा, कारबोरेटर, पाण्याच्या नळ्या काढून काचकागदाने घासून ठेवल्या. बरे दिसते आहे.

माथा राहिला आहे.

माघ शुद्ध ५

माथा धुतला नाही. कारण साधे आहे. धुण्याचे पाणी अंगणातून मोरीत जाते, आणि भस्म मोरीत जाणे बरे नाही. भस्म अंगावरचे असो की कुठलेही, आम्ही ते पायदळी जाऊ देत नाही. मिस्त्रींना म्हटले, तुम्ही पुसून घ्या कोरड्या फडक्याने. ते मागे सरले.

"मैं नै. वो भाभी के हात का है."

"मग यावरूनच रंग देऊ."

"राख पे रंग नै ठैरता, अप्पा. आज बैठेगा, गरम हुआ तो उठेगा."

मी म्हटले, दोनऐवजी तीन हात देऊ. ते आपली हत्यारे गोळा करून चहा न घेता गेले.

थर घट्ट आहे. नखाने तपासले, सुटत नाही. मला वाटते टिकेल.

माघ शुद्ध ९

पहिला हात दिला. सगळे अवयव अंगणात दोरीवर टांगून वाळत घातले. शेजारच्या चतुराबाई कुंपणावरून म्हणाल्या, "अप्पा, खाटकाचं दुकान मांडलंय जनू." खरे आहे, तसेच दिसत होते.

माघ शुद्ध १२

दुसरा हात. पंखा आरशासारखा झाला आहे. हिरवा रंग मूळच्यापेक्षा थोडा गडद निघाला. माथ्यावर रेघा अजून जाणवतात. रंग त्यांचाही हिरवाच, पण उजेड आडवा पडला की तीन उंचवटे दिसतात.

माघ शुद्ध १४

माथ्यावर तिसरा हात. आता दिसत नाहीत. माहीत असणाऱ्यालाच दिसतील.

माघ वद्य ३

सगळे परत बसवले. हँडल मारले, तिसऱ्या खेपेस सुरू झाली. स्टेशनपर्यंत जाऊन आलो. नव्या रंगाचा वास येतो तेवढाच. बॉनेट उघडून पाहिले, सर्व जागच्या जागी. मिस्त्रींना दाखवायला नेले. त्यांनी पंख्याची तारीफ केली. माथ्याकडे पाहिले नाही.

अक्काने नवे धोतरजोडे आणि जरीच्या काठाचे उपरणे आणून ठेवले आहे. बार्शीकडच्याचेही उपरणे रेशमी होते, असे मी म्हटले. ती म्हणाली, "त्याचं इंजिन घाण व्हतं, उपरणं न्हाई."

माघ वद्य ८

हंगाम संपत आला. काम कमी. एक गोष्ट लिहायची राहिली आहे ती लिहून ठेवतो.

शेवटच्या नोंदीत 'रस्ता कोरडा' असे आहे, ते बरोबर आहे. त्या दिवशी शांतम्माला तापाचा चौथा दिवस होता. ती अंथरुणावरच होती. आधीचे तीन दिवस मी गाडी काढली नव्हती. द्वितीयेला मानवतला नव्या कापसाचा पहिला सौदा होता, म्हणून सकाळी निघालो. हँडल मारले तेव्हा तिने आतून हाक मारली, "थांबा जरा, बॉनेट उघडा. मी येते." मी म्हणालो, आज राहू दे, उशीर होतो.

ती उंबऱ्यापर्यंत आली होती, हातात भस्माची डबी होती, असे चतुराबाईंनी नंतर सांगितले. मी पाहिले नाही. गाडी वळवत होतो.

मानवतला आठ वाजता पोहोचलो. सौदा दुपारी दोनला झाला. तोवर आवारात बसून होतो. संध्याकाळी परत आलो तेव्हा ती माणसे ओळखत नव्हती. पंचमीला गेली.

डॉक्टरांचे म्हणणे की विषमज्वरात असेच होते, उठल्याने किंवा न उठल्याने फरक पडला नसता. ते शिकलेले आहेत, तेव्हा तसेच असेल. माझाही भस्मावर गाडी चालते असा विश्वास नाही, नव्हता.

माघ वद्य १४

महाशिवरात्र. उपवास. अक्का मठात गेली होती. मी घरीच. गाडी पुसली.

फाल्गुन शुद्ध २

रात्रीचे साडेआठ. आताच सोनपेठहून परत आलो. घडले तसे लिहितो.

सकाळी सहाला निघालो, मी आणि अक्का. पाथरीपर्यंत काही त्रास नाही. पुढे गोदावरीचे पात्र लागले. पाणी गुडघाभर, पण अलीकडे-पलीकडे वाळू फार. एका शेतकऱ्याची बैलजोडी पुढे लावली, आणि मागून मी पहिल्या गिअरवर. अर्धा तास लागला. इंजिन फार तापले. पलीकडच्या काठावर येईतो रेडिएटरमधून वाफ निघू लागली. थोडे थांबून नदीचे पाणी घातले आणि तसेच पुढे नेले. बॉनेट उघडले नाही. सोनपेठ जवळ होते, आणि उघडून धूळ आत जाईल असे वाटले.

चन्नप्पा गिरणीच्या दारातच उभे होते. बुटके गृहस्थ, भुवयांवर पीठ. कपाळी भस्म, त्यावरही पीठ. माझा रामराम त्यांनी घेतला पण डोळे गाडीवर.

"पानी उकळलंय की!" म्हणाले, आणि आत हाक दिली, "पारू, घागर आन गं."

पाहायला गेलेल्या माणसाला मुलगी चहाचा पेला घेऊन दिसते. मला पार्वती घागर घेऊन दिसली. उंच आहे. पांढरे पातळ नव्हते, निळे होते. तिने वर पाहिले नाही, गाडीकडे पाहिले. बापासारखीच.

अक्का म्हणाली, "आधी पानी तरी पिऊ द्या मानसाला."

"मानूस कुटं पळून जातोय का? गाडीला तान लागलीय," चन्नप्पा म्हणाले आणि त्यांनीच बॉनेट उचलले.

आत सगळे जसेच्या तसे होते. पंखा काळा चकचकीत, नळ्या रुपेरी, कुठे तेलाचा थेंब नाही. चन्नप्पांनी नळीवरून बोट फिरवले, बोट पाहिले, "बेस!" म्हणाले. अक्काने माझ्याकडे पाहून मान हलवली. मग ते वाकले आणि त्यांचा हात माथ्याशी थांबला.

तिथे रंग फुगून वर आला होता. तीन आडवे फुगे, एकाखाली एक, बोटभर रुंद. त्यांनी नखाने एकाचे टोक उचलले. उकडलेल्या बटाट्याचे साल निघावे तशी पूर्ण पट्टी हातात आली. खाली पांढरे. दुसरी पट्टी त्यांनी काढली नाही, ती आपणच सुटून बाजूला कलली.

चन्नप्पांनी हात मागे घेतला. पायातल्या वहाणा काढून बाजूला केल्या आणि मग हात जोडले. गिरणीत दळण घेऊन बसलेल्या दोन बाया उठून पाहायला आल्या.

"कुनी लावलं हे?" त्यांनी विचारले.

"घरातून."

"कवा?"

"आश्विन शुद्ध त्रयोदशीला." तापाच्या आदल्या दिवशी तिने शेवटचे लावले होते. मला तिथी आठवते.

पार्वती घागर कमरेवर घेऊन उभीच होती. तिने मला विचारले, "मग वरून रंग कशाला दिला?"

अक्का घाईने म्हणाली, "अगं, तुज्या बापाला इंजिन निर्मळ लागतं म्हनून..."

मी म्हटले, "धुतले असते तर भस्म मोरीत गेले असते."

"आन् तसंच ठेवलं असतं तर?"

खरोखरच तसा विचार माझ्या मनात आला नव्हता. तीन आठवडे काम चालले होते, एकदाही आला नव्हता.

तिने रेडिएटरचे झाकण पदराने धरून सावकाश काढले, वाफ जाऊ दिली, आणि घागर ओतली. एक थेंब इंजिनावर सांडला नाही.

जेवण झाले. चन्नप्पांनी गिरणी दाखवली. त्यांचे इंजिन खरेच फार स्वच्छ आहे. तेल घालण्याचे काम पार्वती करते असे कळले. लग्नाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. निघण्याआधी पार्वती आणि अक्का आत बराच वेळ बोलत होत्या. मी गाडीत बसून होतो.

परत येताना नदी लागली. बैल जोडेपर्यंत आम्ही काठावर बसलो तेव्हा अक्का म्हणाली, "पोरगी म्हनती, मानूस खोटा न्हाई. पर त्येंच्या घरात आजून जागा न्हाई झाली. पुढल्या शिवरात्रीनंतर या म्हनावं. मी कुटं जात न्हाई, आसं म्हनली."

मी म्हटले, "जागेची काय अडचण? घर पाच खणांचे आहे. दोन खोल्या तर बंदच असतात."

अक्काने कपाळावर हात मारून घेतला. मग हसायला लागली, आणि मग डोळ्यांना पदर लावला. दोन्ही का, ते तिने सांगितले नाही.

पार्वतीने आणखी एक निरोप दिला आहे: राहिलेला रंग खरवडू नका, आपोआप निघेल. हे बरोबर आहे. खरवडल्याने लोखंडावर ओरखडे पडतात. तिला यंत्राची माहिती दिसते.

सेलू ते सोनपेठ, येऊन-जाऊन सहासष्ट मैल. वाळूत बैलजोडी दोनदा.

फाल्गुन शुद्ध ३

एक वर्ष लांबले, ते माझ्या रंगाच्या कामामुळे, असे मी अक्काला म्हटले. मिस्त्रींचे ऐकले असते तर फुगले नसते. ती म्हणाली, "व्हय बाबा, रंगामुळंच." आणि परळीला जायची तयारी करायला लागली.

फाल्गुन शुद्ध ४

अक्काला आगगाडीत बसवून दिले. डब्याच्या खिडकीतून म्हणाली, "बायनाबाईला सांगितलंय, दोनी वेळ सैपाक करून जाईल. जेवत जा. आन् सोनपेठला सनावाराला दोन ओळी धाडत जा, चन्नप्पाच्या नावानं. इंजिनाचं कायतरी लिही म्हंजी झालं."

स्टेशनवरून येताना दस्तगीर मिस्त्री भेटले. बॉनेट उघडून त्यांना दाखवले. "बोला था मैं" असे ते म्हणतील असे वाटले होते. त्यांनी बराच वेळ पाहिले. शेवटी विचारले, "फिर से साफ करके मारूं?"

मी नको म्हटले.

"मैं भी वोइच बोलता," ते म्हणाले. मग माझ्याबरोबर घरी आले आणि त्या दिवशी राहिलेला चहा घेतला.

फाल्गुन शुद्ध ६

आज मानवतला जायचे होते. पूजा आटोपल्यावर शांतम्माची भस्माची डबी देवळीत शोधली. पुढेच होती. चार महिने रोज तिथूनच माझी डबी घेत होतो. आतली भस्माची गट्टी अर्धी उरली आहे, एका बाजूने झिजलेली.

बॉनेट उघडले. तिसरी पट्टीही आता सुटली आहे, तिन्ही रेघा उघड्या आहेत. थोडे पाणी घेऊन भस्म भिजवले. तिच्या रेघांवरच लावणार होतो, पण माझी बोटे जाड आहेत, त्यांवर बसेनात, खालचे झाकले जाऊ लागले. म्हणून तिच्या रेघांच्या खाली, थोडी जागा सोडून, हिरव्या रंगावर लावले. वाकडे आले. उद्या बरे येईल.

हँडल दुसऱ्या खेपेस लागले. सेलू ते मानवत, येऊन-जाऊन चोवीस मैल, रस्ता कोरडा.

घड्याळ लावून पाहिले होते. बॉनेट उघडण्यापासून परत लावेपर्यंत, पाऊण मिनिट.